बंद गाडीचे रोजचे फोटो

जून लागला की नांदेड शहरात येणाऱ्या रस्त्यांवर टपावर गाद्या बांधलेल्या गाड्या दिसू लागतात. गुंडाळलेली गादी, तिच्यावर सुतळीने आवळलेली पत्र्याची पेटी, मागच्या काचेला टेकलेला टेबलफॅन. देगलूरच्या, मुदखेडच्या, त्याहून लांबच्या खेड्यांतल्या गाड्या. बहुतेक जुन्या. काही तर गावातल्या कोणाकडून एका दिवसापुरत्या मागून आणलेल्या. गाडी क्लासच्या फाटकाशी थांबते. मूल उतरते. बाप मोबाइल काढतो, मुलाला पाटीखाली उभे करतो आणि पाटी पूर्ण यावी म्हणून मागे सरकत रस्त्याच्या मध्यावर येतो. तो जितका मागे जातो तितके मूल फोटोत लहान होते आणि पाटी मोठी.

या फोटोंत गाडी कधी नसते. जिच्यातून गादी आली, पेटी आली, मूल आले, ती गाडी चौकटीच्या बाहेर इंजिन चालू ठेवून थरथरत उभी असते. बंद केली तर पुन्हा लागेल याची खात्री नसते.

मला ती गाडी चौकटीच्या आत हवी असते. ही आवड नाही, सवय आहे, आणि ती लातूरच्या एका जून महिन्यात जडली. भूकंपाला तेव्हा काही वर्षे झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालेले क्लास पक्क्या इमारतींत जाऊ लागले होते. ज्या भिंतींवर पूर्वी बियाण्यांच्या जाहिराती असत त्यांवर आता गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे चेहरे रंगवले जात होते. जुन्या गावातल्या ज्या गल्लीत मी भाड्याने राहत होतो, तिथे कडुलिंबाच्या झाडाखाली एक बंद अँबेसिडर उभी होती. ती उचलून नेण्याचे ठरले होते. ती नेली गेली नाही, आणि तिच्यात झोपणारा माणूस पुढे बरीच वर्षे तिच्यातच झोपला. बातमीत निकाल पहिल्या परिच्छेदात द्यायचा असतो. इथे तिसऱ्यात दिला, एवढाच फरक.

मी ज्या पेपरात होतो तो नांदेडला छापला जाई. लातूरला त्याचा एकच माणूस होता, मी; बातमी त्यानेच लिहायची, फोटो त्यानेच काढायचा, पाकीट त्यानेच बसस्टँडवर नेऊन नांदेडच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे. रोल ऑफिसचा, म्हणून जपून वापरायचा. बाहेर पडल्यावर शेवटच्या दोन चौकटी राखून ठेवायच्या, असा तेव्हा या धंद्यातला रिवाज होता. परतीच्या वाटेवर अपघात झाला, आग लागली, मोर्चा निघाला आणि रोल संपलेला, असे होता कामा नये. बहुतेक दिवशी वाटेवर काही घडत नसे. पण रोल धुवायचा तर आधी तो संपवायला हवा. मग त्या दोन चौकटी गल्लीत शिरल्यावर समोर जे दिसेल त्यावर खर्ची पडत. समोर गाडी असे.

त्यामुळे माझ्याकडे त्या गाडीचे फोटो साचत गेले. बोनटवर बसलेली बकरी. टपावर पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया. बाजूच्या आरशात बघून दाढी करणारा गिरणीवाला. उघड्या दारात बसून शेंगा फोडणाऱ्या बायका. डिकीवर चिंध्यांची बाहुली आणि तिला कुंकू लावणाऱ्या मुली. यांतला एकही फोटो काही दाखवण्यासाठी काढलेला नव्हता. आज वाटेत काही घडले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होत होते. ज्या गावाने एका पहाटे फार काही घडताना पाहिले होते, त्या गावात ही साधी गोष्ट नव्हती. हे मला तेव्हा कळत होते असे म्हणणार नाही. चौकटी संपवायच्या होत्या, त्या मी संपवत होतो.

एकदा चुकून असा एक फोटो नांदेडच्या पाकिटात गेला. उपसंपादकांचा फोन आला.

"ही गाडी कोणाला धडकली?"

"कोणालाच नाही."

"खाली कोणी आलं?"

"नाही."

"मग ही अशी उभी कशाला हाय?"

"उभीच असते."

"असं करा," ते म्हणाले, "भूकंपाचं काही असंल तर पाठवा. नसंल तर बोर्डात आलेलं पोरगं पाठवा. माय पेढा भरवून राहिली, असा. उभ्या गाड्या नांदेडात लई हायत."

त्यांचे चुकत नव्हते. लातूरचे तेव्हा बाहेर खपणारे दोनच फोटो होते. एक पडलेल्या घरासमोर बसलेल्या म्हातारीचा, दुसरा पेढा भरवणाऱ्या आईचा. या दोन फोटोंच्या मधले लातूर, म्हणजे जिथे माणसे राहत होती ते, कोणी मागत नव्हते. अजूनही फारसे कोणी मागत नाही.

गाडी ख्वाजाभाईंची होती. तिच्यावर त्यांनी तारुण्यभर टॅक्सीचा धंदा केला. भूकंपाच्या पहाटे ते औशाच्या पुढे सवारी सोडून परत निघाले होते. हादरा त्यांना गाडीत नीटसा कळला नाही. टायर गेला असे वाटले. उतरून त्यांनी चारही टायर हाताने दाबून पाहिले. टायर चांगले होते. गाडीत बसायला वळले तेव्हा किल्लारीच्या बाजूने माणसे पळत येताना दिसली.

पुढचे कित्येक दिवस त्या गाडीने लातूरच्या दवाखान्याच्या खेपा केल्या. मागच्या सीटवर कोण कोण आले आणि त्यांतले किती बोलत उतरले, हे ख्वाजाभाईंनी कधी सांगितले नाही. कोणी विचारलेच तर त्यांची बायको, मेहरून आपा, मधेच चहा आणून ठेवी आणि विचारणाऱ्याच्या घरच्या चौकशा सुरू करी.

त्या वर्षी सगळी गल्लीच बाहेर झोपत होती. थंडी आली तशी एकेक घर आत गेले. ख्वाजाभाई गेले नाहीत. छताखाली पडले की त्यांना दम लागे. पत्र्याची शेड करून पाहिली. वाऱ्याने पत्रा वाजला की ते उठून बाहेर येत. शेवटी गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना झोप लागली, आणि लागली ती लागलीच. एका सकाळी मी त्यांना सरळच विचारले. आपा जवळ नव्हत्या, म्हणून उत्तर मिळाले.

"घर हिला तो आदमी दबता, भाऊ," ते म्हणाले. "गाडी हिली तो कहीं तो बी पोंचता. मेरेकू हिलनेवाली चीजमेंच नींद आती."

मधल्या काळात टॅक्सीचा धंदा जीपगाड्यांनी खाल्ला. परमिट संपले, बॅटरी उतरली, गाडी लिंबाखाली कायमची थांबली. ख्वाजाभाई दुसऱ्याचा भाजीचा टेम्पो रात्रभर नांदेडपर्यंत चालवू लागले. सकाळी परतायचे, आंघोळ करून भाकरी खायची आणि गाडीत शिरायचे. उंच माणूस होता. पाय दुमडून मावत नसत, म्हणून मागचे दार उघडे ठेवून पाय बाहेर सोडलेले. टपावर आपा ओले बारदान टाकत. त्या वेळात गल्लीत कोणी हॉर्न वाजवत नसे. गिरणीवाला तेवढ्यात गहू, ज्वारी दळून घेई. डाळ भरडण्याचा आवाज मोठा, म्हणून डाळवाल्या बायकांना तो दुपारनंतर यायला सांगे. हे कोणी ठरवले नव्हते. ठरवले असते तर कोणीतरी मोडले असते.

गल्लीतल्या मुलींच्या लग्नासाठीचे फोटोही याच गाडीपाशी निघत. स्टुडिओत मागे रंगवलेला धबधबा असे. तो कावेरीमावशींना पटत नसे. मावशी गल्लीत खानावळ चालवत. क्लासची मुले त्यांच्याकडे जेवत, आणि त्यांच्या कुरडया गाडीच्या टपावर वाळत. "लातुरात प्यायला पानी न्हाई अन् पोरीच्या मागं धबधबा," त्या म्हणाल्या, आणि आपल्या मुलीला साडी नेसवून गाडीच्या दाराशी उभी केली. पाहुणे देगलूरचे होते. मुलाचा मामा दारातून आत येण्याआधी लिंबाखाली गेला, गाडीला एक फेरी मारून आला आणि बसल्यावर म्हणाला, "फोटोत गाडी हाय, ती तुमची का?"

"गल्लीची हाय," मावशी म्हणाल्या.

"गल्लीची म्हंजे?"

"गल्लीचा लिंब असतो तशी."

मामाने पिशवीतून आणखी एक फोटो काढला. याच गल्लीतली दुसरी मुलगी, तीच गाडी, तेच दार. "मला वाटलं, या गल्लीत घरटी एक अँबेसिडर हाय," तो म्हणाला. "मी मेव्हण्याला बोललोबी, मानसं वजनदार दिसून राहिली." मग तो स्वतःच इतका हसला की सोयरीक तिथेच जमली. लग्नानंतर मावशींनी नव्या जोडप्याचा फोटो काढवला, तोही गाडीपाशीच. आता कोणाला फसवायचे नव्हते.

आता क्लासचे सर. गल्लीच्या तोंडाशी त्यांची तीन मजल्यांची नवी इमारत उभी राहिली होती. वाईट माणूस नव्हता. त्यांचे स्वतःचे गाव भूकंपाच्या पट्ट्यातले. त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये उकाड्यात शिकवले होते आणि त्यांची मुले खरोखर पुढे जात होती. गल्लीला त्यांचा राग असण्याचे कारण नव्हते. ज्याच्याकडे एक खोली जास्त होती त्याने ती मुलांना भाड्याने दिली होती. मावशींचे पोट क्लासवरच चालत होते. अडचण एवढीच होती की क्लासला आता गल्ली कमी पडू लागली होती.

निकाल लागला त्या संध्याकाळी सर पेढ्यांचा पुडा घेऊन लिंबाखाली आले. ख्वाजाभाई टेम्पोवर गेले होते. आपा गाडीचा टप झाडत होत्या, मावशी कुरडया गोळा करत होत्या.

"आपा, पेढा घ्या. आपली पोरं बोर्डात आली."

"आपली म्हंजे?"

"क्लासची."

"अच्छा," म्हणून आपांनी पेढा घेतला.

"सायकली लावायला जागा न्हाई," सर म्हणाले. "पालक लांबून येतात. गल्लीत शिरल्या शिरल्या काय दिसतं त्यांना? ही गाडी. वर बकरी."

"बकरी तुमच्या क्लासला तर येत न्हाई ना?"

"आली तर फी भरंल," मावशी म्हणाल्या. "आमची बकरी उधारी ठेवत न्हाई."

सर हसले, पण विषय सोडला नाही. "ख्वाजाभाईंना मी खोली देतो. खाली, वॉचमनची. पंखा हाय, कॉट हाय. भाडं नको."

"वर काय हाय?"

"वर तीन मजले."

"मग कायको बोलते, सर?"

"आपा, कॉलम बघा, सळई बघा. इंजिनिअरनं लिहून दिलंय. भूकंप आला तरी हलणार न्हाई."

"भूकंप येईल म्हणून कोण म्हणून राहिलं? मी झोपेचं म्हणते. तुमच्या इंजिनिअरला म्हणावं, हा माणूस तिथं झोपंल, असं लिहून दे. मी आत्ता गाडी देते."

सर पेढ्यांचा पुडा बांधू लागले. मग आवाज उतरवून म्हणाले, "माझंबी गाव तिकडचंच हाय, आपा. माझीबी मानसं गेली. किती दिवस तेच धरून बसायचं? आता म्होरं जायला पाहिजे."

"जा की," आपा म्हणाल्या. "रस्ता मोकळा हाय. गाडी एका कडंला हाय."

त्या काळात 'पुढे जाणे' हा शब्दप्रयोग फार ऐकू येई. भाषणांत, जाहिरातींत, आमच्या अग्रलेखांतही. जिल्हा सावरला, जिल्हा पुढे निघाला. मीही ते लिहिले आहे. ज्याला झोप लागत नाही तो माणूस या वाक्यात कुठे बसतो, हे कोणी सांगत नसे. तो रस्त्यात आहे, एवढेच दिसे.

काही दिवसांनी नगरपालिकेचे साहेब आले. त्यांच्याकडे क्लासची तक्रार होती आणि तक्रारीसोबत फोटो होते. कुरडया, बकरी, बसलेले टायर, दारातून बाहेर आलेले दोन पाय. माझ्याकडे होते तसेच फोटो, जवळपास त्याच जागेवरून काढलेले. यात खोटे काही नव्हते. तीच बकरी माझ्या फोटोत गल्लीची होती आणि त्यांच्या फोटोत घाणीची. फोटोखाली काय लिहिले आहे यावर ती कोणाची ते ठरत होते.

"ही गाडी हाय का वाळवण?" साहेबांनी विचारले.

"दोन्ही," मावशी म्हणाल्या.

"चालू हाय का?"

मावशी कुरडया उलटवू लागल्या.

"हे बघा," साहेब म्हणाले, "चालू गाडीला आम्ही हात लावत न्हाई. बंद पडलेली, टाकून दिलेली असली तर क्रेन लावतो. पावसाच्या आत गल्ल्या मोकळ्या करायच्या हायत. मी पुन्हा येतो, तवा बघू."

ख्वाजाभाईंना हे कळले तेव्हा ते भाकरी खात होते. "ले जाने दो," ते म्हणाले. "लोहा है. मैं लिंब के नीचे खाट डाल लूंगा."

"और बारिश?"

"भीग लूंगा."

"नक्को," आपा म्हणाल्या. "तुम सोओ. ये मेरा काम है."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर ख्वाजाभाईंनी त्यांना गाडी शिकवली होती, ही गोष्ट गल्लीत कोणालाच माहीत नव्हती. शहरात त्यांनी ती कधी चालवली नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी टेम्पो गेल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर कानामागे खोचला आणि स्टिअरिंगवर बसल्या. सायकलच्या दुकानातून पंप आला. टायरांत हवा भरताना तीन माणसे घामाघूम झाली. पेट्रोल बाटलीतून आले. पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवून पाहिले. त्याने उलटा झटका दिला आणि गिरणीवाला मनगट धरून खाली बसला. राहिला धक्का.

मावशींची खानावळ भरायची वेळ होती. क्लासची मुले ताटाच्या आशेने ओट्यावर बसली होती. मावशी पळी घेऊन दारात आल्या. "धक्का दिल्याबिगर ताट न्हाई," त्या म्हणाल्या. मुले उठली. क्लासच्या तक्रारीवर उचलली जाणारी गाडी क्लासच्याच मुलांनी ढकलली. लिंबापासून गिरणीपर्यंत ती गेली. इंजिन खोकले नाही, शिंकले नाही.

माझ्याकडे शेवटच्या दोन चौकटी होत्या.

"ओ पेपरवाले, काढा की!" मावशी ओरडल्या.

"अजून बंद आहे, मावशी."

"फोटोत आवाज येतो का?"

येत नाही. या प्रश्नाने मला विचारात पाडले. उभ्या गाडीचा आणि चालत्या गाडीचा फोटो नीट काढला तर सारखाच दिसतो. चाके गोठतात. गाडी हलते हे एका फोटोतून सांगता येत नाही. पण आज ती गिरणीपुढे आहे आणि उद्या मशिदीच्या भिंतीपाशी, हे दोन फोटो शेजारी ठेवले की सांगता येते. मग रोज तेच सुरू झाले. संध्याकाळी गाडी ढकलत कुठेतरी न्यायची, तिथे तिचा फोटो काढायचा, आणि ख्वाजाभाई यायच्या आत पहाटे परत लिंबाखाली आणून लावायची. पुरता खरा वृत्तांत द्यायचा तर इंजिन मधे एक-दोनदा लागलेही, काळा धूर काढून वळणावर बंद पडले. बाकी दिवशी गाडी फिरली ती माणसांच्या हातांनी.

त्या फोटोंचे पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. सुरुवातीच्या फोटोंत फक्त गाडी आहे. रोज फोटो निघतात हे गल्लीत कळल्यावर त्यांत माणसे येऊ लागली. गिरणीपुढच्या फोटोत गिरणीवाला अंगावरचे पीठ झटकून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा आहे. पुढच्या फोटोत शिंपीणबाईंनी शिलाई मशीनच रस्त्यावर आणून ठेवले आहे. एकात बोनटवर तान्हे मूल आहे आणि त्याला धरणारे हात चौकटीच्या बाहेरून आले आहेत. खानावळीपुढच्या फोटोत खेड्यांतून आलेली मुले ताटे हातात धरून ओळीने उभी आहेत. त्यांचे घरून निघाल्यानंतरचे पहिलेच फोटो असावेत. त्यांत कोणी कितवा आला याचा उल्लेख नाही. आणि एका फोटोत गाडी थेट क्लासच्या पाटीखाली लावलेली आहे. वर 'प्रवेश सुरू', खाली स्टिअरिंगवर मेहरून आपा, समोर बघणाऱ्या, न हसणाऱ्या. तो फोटो त्यांनीच मागून काढवला. "इधर बी निकालो," एवढेच म्हणाल्या.

आज नांदेडमध्ये जुन्या गाड्यांचे फोटो काढताना लोक विचारतात, विकायची आहे का, विंटेज आहे का, कुठे टाकणार. कोणत्या तरी किमतीशिवाय जुन्या वस्तूकडे बघता येत नाही, अशी आता रीत झाली आहे. मी सांगतो, गाडीचा फोटो हा तिच्या आजूबाजूच्यांचा फोटो असतो. गाडी निमित्ताला उभी राहते. ती डोळे मिटत नाही आणि घाईत नसते. समोरच्याला हे पटत नाही. मी वाद घालत नाही, दुसरी चौकट घेतो. गेल्या हंगामात लातूरला गेलो तेव्हा गल्लीत वसतिगृहांच्या पाट्या मोजण्यापलीकडे गेल्या होत्या. मुले मोठी होऊन डॉक्टर, इंजिनिअर झाली आणि त्यांची मुले आता त्याच पाट्यांखाली उभी आहेत. याला मी ऱ्हास म्हणणार नाही. पण क्लासने लातूर घडवले असे कोणी भाषणात म्हणाले की मला त्या ओळीने उभ्या मुलांच्या हातातली ताटे दिसतात. ताटे भरणारी बाई आणि तिच्या कुरडया वाळवणारी गाडी त्या भाषणात नसतात. ही गळती चुकून झालेली नसते.

साहेब पुन्हा आले ते भर दुपारी, क्रेन घेऊन. आभाळ भरून आले होते. ख्वाजाभाई गाडीत झोपले होते, पाय नेहमीसारखे बाहेर. त्या दुपारचा माझ्याकडे एकच फोटो आहे आणि तो हललेला आहे. डेस्कवर तो कचऱ्यात गेला असता.

मी धुवून दिलेले आधीचे सगळे फोटो आपांनी साहेबांच्या पुढे बोनटवर मांडले. साहेबांनी ते मन लावून पाहिले. शिंपीणबाईंच्या मशीनवर थोडे थांबलेही.

"ढकलत नेली असंल," ते म्हणाले.

"ढकलतच नेली," आपा म्हणाल्या. "टाकून दिलेल्या गाडीला धक्का द्यायला मानसं येतात का, सायेब?"

साहेबांनी फोटो नीट एकावर एक ठेवून परत दिले. "ते मला मान्य हाय. पण मला इंजिन ऐकायचंय. माझ्यासमोर चालू करा, मी परत जातो. न्हाई झाली तर मी काय करू, तुम्हीच सांगा." ते वाकून मागच्या सीटकडे बघू लागले. "अन् यांना उतरवा आधी."

"कायको?" आपा म्हणाल्या. "सवारी हाय ती. सवारीबिगर गाडी निघती का?"

"तुमच्याकडं लायसन हाय?"

आता मावशी पुढे आल्या. "सायेब, गाडी चालत न्हाई म्हणून उचलाया आलात, का बाई चालवती म्हणून धराया आलात? एक काय ते ठरवा. दोन्ही कसं जमंल?"

क्रेनवाला तोंड फिरवून हसला. साहेब बाजूला झाले.

आपांनी मागच्या दाराशी जाऊन ख्वाजाभाईंचे पाय हळूच उचलून आत घेतले. दार आवाज न करता लोटले. टपावरचे बारदान तसेच ठेवले. मग स्टिअरिंगवर बसून किल्ली फिरवली, क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला आणि हात बाहेर काढून मागे इशारा केला. गिरणी बंद झाली. गिरणीवाला आला, शिंपीणबाई आल्या, मावशी आल्या, दुपारच्या तासाला निघालेली मुले दप्तरे ओट्यावर टाकून आली. धक्का देताना माणसे 'हैश्या' करतात. इथे कोणी आवाज केला नाही. गाडी लिंबाखालून निघाली. सर क्लासच्या पायरीवर उभे होते. समोर रस्त्यात मुलांच्या सायकली आडव्या लागल्या होत्या.

"सर," आपा खिडकीतून म्हणाल्या, "सायकली काढा."

सर पायरी उतरले आणि एकेक सायकल उचलून भिंतीला लावू लागले. त्यांना हे का करावेसे वाटले ते मी त्यांना कधी विचारले नाही. गाडीने वेग घेतला. आपांनी क्लच सोडला. गाडी एकदा जोरात गचकली, मेली असे वाटले, आणि मग पूर्ण गल्ली धुराने भरून इंजिन लागले. मागची माणसे हात तसेच पुढे धरून रिकाम्या रस्त्यात उभी राहिली.

साहेब चालत्या गाडीच्या बाजूने चार पावले धावले. त्यांना बहुधा सांगायचे होते की पुरे झाले, बघितले, थांबवा. मीही कॅमेरा घेऊन धावत होतो, म्हणून खिडकीतून आलेला आवाज ऐकू आला. मागच्या सीटवर ख्वाजाभाईंनी कूस बदलली होती. डोळे न उघडता त्यांनी विचारले,

"कहाँ आए?"

"अपनी गल्ली में," आपा म्हणाल्या. "सोओ तुम."

ते पुन्हा झोपले. गिरणीपाशी आपांनी गाडी वळवली आणि साहेबांच्या समोरून, न थांबता, दुसऱ्या फेरीला घातली.